हॅमी बेंचवर

मेश्राम सरांनी डाव्या हाताचं बोट हॅमीच्या कार्डवर ठेवलं आणि त्यांच्या मुलीने, आर्याने, टाळी वाजवली.

"मी म्हटलं होतं ना? बाबा पण हॅमीच घेणार."

मी दोन्ही कार्डं उचलली, जागा बदलून पुन्हा टेबलावर ठेवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या आठवड्यात कोणाला खेळवायचं? सरांनी बोट ठेवलं. या वेळी दुसऱ्या, 'अंकल'च्या कार्डवर.

आर्या सोळा वर्षांची मुलगी, पण तिच्या लगेच लक्षात आलं. सरांनी दोन्ही वेळा नुसतं डावीकडचं कार्ड दाखवलं होतं.

मी सिंगापूरच्या एका हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. ज्यांची वाचा आजारपणात जाते त्यांच्याबरोबर काम करते. मी स्वतः फारसं बोलत नाही. लोकांना बोलतं करायचा पगार हिला मिळतो, अशी पुण्याला घरी माझी चेष्टा होते. पण या कामात कमी बोलण्याचा एक फायदा असतो. समोरचा माणूस वेळ घेतो तेव्हा मध्येच त्याचं वाक्य पुरं करायचा मोह होत नाही.

मेश्राम सर तुआसच्या एका जहाजबांधणीच्या यार्डात इंजिनियर होते. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजवा हात-पाय गेला आणि भाषा गेली. याला अफेझिया म्हणतात. लोकांना वाटतं बुद्धी गेली. तसं नसतं. माणूस आत शाबूत असतो, शब्दांपर्यंत जायचा रस्ता तेवढा उखडलेला असतो. सरांच्या तोंडून 'हो' आणि 'नाही' एवढंच यायचं, आणि त्याचाही भरवसा नव्हता. पाणी हवंय का, तर हो. उशी काढू का, हो. उशी ठेवू का, तरी हो. फाइलवर आम्ही याला 'येस-नो अनरिलायबल' लिहितो. ते एकदा लिहिलं गेलं की त्या माणसाला कोणी काही विचारत नाही. नर्स त्याच्या बायकोला विचारते, डॉक्टर बायकोला विचारतात, जेवणाचा ट्रे घेऊन येणारी ऑन्टीसुद्धा बायकोलाच विचारते.

मी मराठी आहे म्हणून केस माझ्याकडे आली. सरांच्या पत्नी, सुजाताताई, इथल्या विद्यापीठात संशोधन करतात. कुटुंब मूळचं नागपूरचं, राहायला जुरोंग ईस्टला. पहिल्याच दिवशी ताईंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"हे सगळं समजतात. मला माहीत आहे. पण माझ्या म्हणण्याला इथे काय किंमत? तू ते कागदावर आण."

त्याला कारण होतं. सरांना डिस्चार्ज द्यायची वेळ जवळ आली होती. नोकरी गेलेलीच होती, घरी दिवसभर माणूस लागणार होता. ताईंनी ठरवून टाकलं होतं की राजीनामा द्यायचा, आर्याची शाळा सोडवायची आणि तिघांनी नागपूरला जायचं. तिथे सरांचे मोठे भाऊ होते, घर होतं. आर्याची इथली दहावीसारखी परीक्षा तोंडावर आली होती. ती याबद्दल कोणाशीही बोलत नव्हती.

आमच्या डॉक्टर लिम मोजकं बोलतात. त्या म्हणाल्या, प्लॅन चांगला आहे, पण आयुष्य त्याचं आहे, त्याला विचारायला हवं. "तो उत्तर देऊ शकतो की नाही, एवढंच मला सांग. फॅमिली मीटिंगच्या आधी."

मी नेहमीच्या गोष्टींनी सुरुवात केली. चहा की पाणी, पंखा की एसी. सर कशावरही बोट ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. मला संशय आला की चुकत नसावेत, त्यांना फरकच पडत नसावा. चहा काय, पाणी काय. ज्याचं उत्तर चुकलं तर त्यांना स्वतःला राग येईल असा प्रश्न मला हवा होता.

तो आर्याने आणून दिला. "फँटसी विचार ना. त्यात बाबा खूप सीरियस असतात."

सर पूर्वी काही वर्षं ह्यूस्टनला होते. तिथे त्यांना अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं. हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळतात तो. तिथल्या जुन्या सहकाऱ्यांची एक फँटसी लीग होती. आपल्याकडे ॲपवर क्रिकेटची टीम लावतात तसंच हे. खरे खेळाडू निवडायचे, ते खऱ्या सामन्यात जसे खेळतील तसे तुम्हाला गुण. स्ट्रोकनंतर सरांची टीम आर्या चालवत होती.

त्या आठवड्यात एका जागेचा प्रश्न होता. तिथे दोघांपैकी एकालाच खेळवता येणार होतं. एक होता रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून सरळ गर्दीत घुसणारा. वय झालेला, वेग गेलेला, पण दर आठवड्याला थोडे का होईना गुण देणारा. आर्या त्याला 'अंकल' म्हणायची. दुसरा होता रिसीव्हर, म्हणजे लांब पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा. तो टीमचा हिरो होता, पण मांडीचा स्नायू दुखावलेला. खेळला तर सामना फिरवणार, नाही खेळला तर शून्य. हॅमस्ट्रिंग दुखावली म्हणून तो 'हॅमी'. आर्याला हॅमीच हवा होता. वडिलांनाही तोच हवा असणार, हे तिने धरून टाकलं होतं.

डावीकडच्या कार्डाने ती खात्री गेली. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर कधी कधी उजव्या बाजूचं दिसेनासं होतं. सरांचं तेच झालं होतं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कार्डांतलं त्यांना एकच दिसत होतं. समोर दोन वस्तू ठेवल्या आणि माणसाने एकीवर बोट ठेवलं, तर ती निवड असेलच असं नाही. दुसरी दिसली होती का, हे आधी बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी कार्डं एकाखाली एक ठेवली, सरांच्या डाव्या हाताला. वर हॅमी, खाली अंकल. सरांनी बराच वेळ घेतला. बोट हॅमीवरून खाली आलं आणि अंकलवर थांबलं.

मी वरचं खाली केलं. बोट वर गेलं. अंकल.

मग मी आमच्या कामातला शेवटचा भाग केला. प्रश्न उलटा करायचा. खरं उत्तर असेल तर प्रश्न उलटल्यावर बोटही उलटतं. मी विचारलं, "सर, बाहेर कोणाला बसवायचं?"

बोट हॅमीवर आलं.

मला आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही असं आम्हाला शिकवतात, कारण पेशंट उत्तरासाठी आमचा चेहरा वाचू लागतो. पण आर्याचा चेहरा पडला.

"बाबा, तुम्ही पण इंजर्ड आहात ना," ती म्हणाली. "इंजर्ड माणसाला असं करतात?"

सर तिच्याकडे बघत राहिले. तिने फोन काढला आणि इथल्या मुलांसारखं म्हणाली, "फाइन लाह. नको ना हॅमी? ड्रॉपच करते."

बेंच करणं आणि ड्रॉप करणं यांत फरक आहे. बेंच म्हणजे या आठवड्यात खेळवायचं नाही, पण माणूस आपलाच. ड्रॉप म्हणजे टीममधून काढून टाकायचं. मग तो दुसरं कोणीही घेऊन जातं.

सरांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. "नाही," ते म्हणाले. स्वच्छ, एकदाच. तिचा अंगठा स्क्रीनवरून निघाला तेव्हाच त्यांनी हात सोडला.

मी पुढचे काही दिवस वेगवेगळ्या कार्डांनी तेच केलं, वर-खाली, सुलट-उलट. उत्तरं टिकली. सोमवारी सकाळी आर्याने निकाल आणला. अंकलने थोडेसेच गुण केले होते. हॅमी मैदानात उतरलाच नव्हता. "ओके, बाबा राइट होते," ती म्हणाली, आणि सरांच्या ओठाचा हलणारा कोपरा हलला.

मी फाइलवर लिहिलं की योग्य मांडणी केली तर पेशंटची निवड विश्वासार्ह आहे. ताईंनी ते वाचलं, डोळ्यांना पदर लावला आणि सगळ्यात आधी नर्सकडे जाऊन म्हणाल्या, यापुढे जेवणाचं यांना विचारायचं.

फॅमिली मीटिंगच्या आदल्या दिवशी डॉक्टर लिमनी मला तीन कार्डं करायला सांगितली. तिघंही इथे. तिघंही नागपूरला. ते एकटे नागपूरला भावाकडे, ताई आणि आर्या इथे. तिसरं कार्ड बघून ताई हसल्या.

"हे कशाला करून राहिली तू? हे नाही लागणार."

मी म्हटलं, जे शक्य आहे ते सगळं मांडावं लागतं, तसा नियम आहे.

मीटिंगच्या खोलीत आम्ही पाचच जण होतो. मी तिन्ही कार्डं एकाखाली एक ठेवली, सरांकडून प्रत्येकावर एकदा हात ठेववून घेतला, म्हणजे तिन्ही दिसल्याची खात्री झाली. मग विचारलं. सर घाईत नव्हते. बोट पहिल्या कार्डावर थांबलं, दुसऱ्यावर त्याहून जास्त थांबलं. मग तिसऱ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

ताई म्हणाल्या, "क्रम बदल."

मी बदलला. तेच कार्ड.

"पुन्हा बदल. आणि उलटं विचार. तू विचारतेस तसं."

मी उलटं विचारलं. काय नको आहे? त्यांनी 'तिघंही नागपूरला' हे कार्ड बोटाने माझ्याकडे सरकवलं.

ताई खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. त्यांना दिसतील अशा. "अहो, माझ्याकडे बघा. मी येऊ तुमच्याबरोबर?"

"नाही."

"मग मी इथेच राहू? पोरीला घेऊन?"

"हो."

सरांनी आर्याकडे पाहिलं नाही, पण हात तिच्याकडे नेला, आणि आर्याने तो दोन्ही हातांत धरला. सरांचं ऐकून घेतलं जावं म्हणून ताईच माझ्या मागे लागल्या होत्या. आता ही चूक आहे, त्यांना प्रश्न कळला नाही, असं म्हणायला काही जागा उरली नव्हती. ती जागा मीच बंद केली होती, त्यांच्याच सांगण्यावरून.

डॉक्टर लिमनी हळूच विचारलं, अजून एकदा विचारायचं आहे का.

"पुरे," ताई म्हणाल्या.

डिस्चार्जच्या दिवशी सरांचे भाऊ न्यायला आले. व्हीलचेअर लिफ्टपर्यंत गेल्यावर आर्या आईला इंग्रजीत म्हणाली, ते मला ऐकू आलं. बाबांनी आपल्याला ड्रॉप नाही केलं मा, स्वतःला बेंच केलंय. ताईंनी नुसती मान हलवली. फरक त्यांना कळला असेल. कळून काही हलकं झालं असेल असं मला वाटलं नाही.

पुढचं मला आर्याच्या मेसेजमधून कळत गेलं. नागपूरला थेरपी सुरू झाली, मग आठवड्यातून एकदा झाली, मग थांबली. घर मायेचं होतं. पाणी मागायच्या आत मिळत होतं, उशी दुखायच्या आत सरकत होती. कशाची निवड करायची वेळच येत नव्हती, आणि हे कौशल्य न वापरलं तर जातं. आर्या व्हिडिओ कॉलवर अजून टीम विचारायची. एकदा तिने लिहिलं, "अंकल विचारलं, हो म्हणाले. हॅमी विचारलं, हो म्हणाले. दोघांपैकी एकच घेता येतो ना?" मी काय करता येईल ते लिहून पाठवलं. कार्डं कशी धरायची, भावांना काय सांगायचं. पण फोनच्या पडद्यावर डावं-उजवं, वर-खाली काही हातात राहत नाही.

आर्याची परीक्षा संपल्यावर ताईंचा फोन आला. दुपारची वेळ, मी जेवणाच्या सुट्टीत होते.

"ते 'हो' म्हणाले," ताई म्हणाल्या. "मी विचारलं, आता येऊ का? म्हणाले, हो."

मी विचारलं, "उलटं विचारलंत?"

त्यांना सगळं पाठ होतं. क्रम बदलायचा, प्रश्न फिरवायचा, दोनदा तेच आलं तरच धरायचं. माझ्याइतकंच त्यांनाही येत होतं.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. मग, "तिकिटं काढली मी. नोटीस देऊन टाकली. खरं आहे ना गं ते?"

फाइल समोर असती तर मी काय लिहिलं असतं ते मला माहीत होतं.

"तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं," मी म्हटलं. "जा, ताई."

नव्या मुली कामावर येतात तेव्हा मी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवते. कार्डं एकाखाली एक ठेवा. जागा बदला. प्रश्न उलटा करून विचारा, त्याशिवाय 'हो' धरू नका. नियम पक्का आहे. फक्त तो आपल्यासाठी आहे, घरच्यांसाठी नाही, एवढं मी आता शेवटी सांगते.