पूजेत ठेवलेली गिटार

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीने मला सांगितलं की तिला शाळेच्या बँडमध्ये गिटार वाजवायची आहे आणि बाबा नको म्हणतोय. मागून तुमच्या बाबाचा आवाज आला, "आपल्या घरात असले उद्योग कुणी केलेले नाहीत." दूध उतू जाईल म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. तेव्हाच बोलले असते तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं. लिहिलेलं तसं नेता येत नाही, म्हणून लिहिते आहे. त्यालाही वाचायला द्या.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही चिंचवडला राहत होतो आणि तुमचा बाबा डिप्लोमा करत होता. केस खांद्यापर्यंत. भर मे महिन्यात काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. पिंपरीच्या बाजारात तसे टी-शर्ट ढिगाने मिळायचे, आणि छातीवर ज्या बँडचं नाव असे त्याचं एकही गाणं निम्म्या पोरांनी ऐकलेलं नसायचं. तुमच्या बाबाने ऐकलेलं असे. शब्द कळले नाहीत की तो माझ्याकडे यायचा, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. मी भाजी निवडत बसलेली असायचे. हेडफोनची एक वायर त्याच्या कानात, एक माझ्या.

"आई, हा इथे काय म्हणतोय?"

"नीट उच्चार करायला काय झालं याला?"

"आई, सांग ना."

ते संगीत मला तेव्हाही आवडत नव्हतं, आजही आवडत नाही. पण बहुतेक गाण्यांत कुणीतरी ओरडून सांगत असायचं की माझं कुणी ऐकत नाही, आणि हे इतकं ओरडून का सांगावं लागतं ते आमच्या घरात राहून मला कळत होतं.

चौघांचा बँड होता. ड्रम वाजवणारा महाळुंग्याचा. त्यांची जमीन कारखान्यात गेली होती, गुरं विकली होती, त्या रिकाम्या गोठ्यात यांची प्रॅक्टिस चाले. शेजारच्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा दणदणाट यांच्याहून मोठा, त्यामुळे तक्रार करायला कुणी येत नसे. ती पोरं मला काकू म्हणायची आणि पोह्यांवर तुटून पडायची. तुमचा बाबा चांगलं वाजवायचा. हे मी आई म्हणून सांगत नाही. मला त्यातलं कळत नव्हतं, पण तो वाजवू लागला की बाकीचे तिघं बोलायचे थांबत, एवढं मी पाहिलं आहे.

आता तुमच्या आजोबांबद्दल. ते एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते. देवळात कधी जात नसत. पण खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पाटावर लाल कापड घालून व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापं घ्यायची हत्यारं, कानशी, पाने असं सगळं ओळीने मांडत आणि पूजा करत. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. एका वर्षी कुकरच्या दांड्याचा स्क्रू निघाला, तर मी पातेल्यात डाळ शिजवली, कारण स्क्रूड्रायव्हर पूजेत होता.

त्या वर्षी खंडेनवमीच्या संध्याकाळी आकुर्डीला बँडची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला पुण्याच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करायला मिळणार होतं. पोरांनी दोन महिने दुसरं काही केलं नव्हतं.

सकाळी पूजा मांडताना आजोबा म्हणाले, "तुझं ते आण इकडे."

"काय, अप्पा?"

"गिटार. तुझं हत्यारच ना ते? ठेव पूजेत."

त्या दिवसापर्यंत त्यांनी गिटारीला खोकं, फळकूट, भिकेचा डबा असं काय काय म्हटलं होतं. तुमच्या बाबाने ती जुन्या बनियनने पुसून आणली. आजोबांनी तिला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. तुमचा बाबा स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "आई, अप्पा हत्यार म्हणाले." असा चेहरा मी त्याचा नंतर पाहिला नाही. तुमच्या जन्माच्या वेळीही नाही.

संध्याकाळी ड्रमवाला मोटरसायकल घेऊन दारात आला. तुमचा बाबा पाटापाशी वाकला.

"हात लावू नकोस," आजोबा खुर्चीतून म्हणाले. "पूजेतलं हत्यार आज उचलत नाहीत. माहीत नाही तुला?"

"अप्पा, स्पर्धा आहे. तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस की. मी कुठे नाही म्हणतोय? जा, बघून ये."

ड्रमवाला दारातून म्हणाला, "काका, आमच्यात सकाळी ट्रॅक्टर पुजत्यात आन् दुपारी चालवत्यात. देव काय रागवत न्हाई."

"तुमच्यात चालत असेल, भाऊ. आमच्यात नाही."

मी म्हणाले, "अहो, तुमच्या कंपनीतल्या मशिनी हार घातलेल्याच दुसऱ्या शिफ्टला सुरू होतात ना?"

"ती कंपनी. हे घर आहे."

मग मी तुमच्या बाबाला सांगितलं, "उचल. पाप लागलं तर मला लागेल. उचल ती."

"चल की भावा," ड्रमवाला म्हणाला, "पोरं थांबल्यात."

तो उभा राहिला. पाटाकडे बघत होता, झेंडूच्या फुलाकडे. गिटार उचलली असती तर सकाळची पूजा हा आजोबांचा डाव होता असं मान्य करावं लागलं असतं. तेवढं त्याला जमलं नाही.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला.

बँडचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते तिघं स्टेजवर चढलेच नाहीत. दसऱ्याला तुमच्या बाबाने आजोबांना सोनं दिलं, पाया पडला, आणि दुपारी केस कापून आला. आजोबांनी त्या दिवशी दोनदा श्रीखंड मागून घेतलं. मी वाढलं. पुढे डिप्लोमा, चाकणची नोकरी, मग परदेश. सगळं रीतसर झालं. लोक आजोबांना सांगत, मुलगा वेळेवर मार्गाला लागला, आणि आजोबा मान हलवत.

आजोबा गेले तेव्हा तुमचा बाबा आला होता. माळ्यावर गिटार पाहून म्हणाला, "अजून ठेवलंयस हे खोकं? भंगारात दे." आजोबांचाच शब्द, आणि तोच आवाज. नवऱ्यासाठी मी रडले होते, पण त्या दिवशी मला जे झालं ते त्याहून वाईट होतं.

थोरले, तुझ्या घरात हे उद्योग झालेले आहेत आणि ते चांगले झाले होते.

गोठा आता नाही. तिथे ड्रमवाल्याने कामगारांसाठी खोल्या बांधल्या आहेत. तो दिवाळीला येतो, आणि मागच्या खेपेला त्याने गिटारीला नव्या तारा लावल्या. ती माझ्या कपाटात आहे. कुंकवाचा डाग अजून आहे. ती वाजते.