एफ-वन तात्यांची मुदतवाढ

आमच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि तो सुरू करणारा माणूसही एकच. एफ-वन तात्या. हुद्द्याने जुने कारकून, पण रुबाब असा की साहेबांनी उठून खुर्ची द्यावी.

त्याचं झालं असं की सकाळी बटण दाबलं की कॉम्प्युटर एकदा किंचाळायचा आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी यायच्या. त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा साहेबांनी पाणी मागवलं होतं. तात्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं, कीबोर्डवर रुमाल टाकला, रुमालाखालून काहीतरी दाबलं आणि यंत्र सुरू झालं. त्याच दिवशी आदेश निघाला, 'सदर यंत्रास अन्य कोणीही हात लावू नये.' तो अजून भिंतीवर आहे.

तेव्हापासून सात वर्षं रोज हाच तमाशा. तात्या एकही रजा न घेता दहाला येणार, चष्मा पुसणार, "जरा मागे व्हा" म्हणणार. आम्ही अकरा माणसं हात बांधून उभी, खिडकीबाहेर दाखल्यासाठी रांग ताटकळत. एकदा मी विचारलं, "तात्या, रुमालाखाली करता तरी काय?"

"एफ-वन," ते म्हणाले. "पण ते नुसतं दाबून भागत नाही, बाई. हात लागतो त्याला."

हात म्हणे! माझी तळपायाची आग मस्तकात जायची. पण खरं सांगते, त्या माणसाचा पुरता राग कधी आला नाही. बायको गेल्यापासून घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं. इथे रोज अकरा जण बघायचे.

यंदा ते निवृत्त व्हायचे होते. त्यांना आणखी एक वर्ष हवं होतं, आणि त्यासाठी ते साहेबांच्या अक्षरशः मागे लागले होते. "घरी बसून काय करू? भिंतीशी बोलू?" साहेबही तयार, कारण मशीन सुरू कोण करणार? वरच्या ऑफिसची मंजुरी शेवटच्या दिवशी सकाळी आली. अट एकच, आदेश आजच्या आज निघाला पाहिजे.

आणि नेमके त्याच दिवशी तात्या तब्येतीचा दाखला आणायला दवाखान्यात गेलेले, फोन बंद. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. काळ्या पडद्यासमोर आम्ही अकरा जण नुसते उभे. शेवटी मी पुढे झाले आणि त्या ओळी चक्क वाचल्या. बॅटरी संपली आहे. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. बस्स, एवढंच! दाबलं. यंत्र सुरू झालं. कसला हात आणि कसलं काय!

मी आदेश टाईप केला, 'या आदेशाच्या तारखेपासून एक वर्ष मुदतवाढ.' तारीख कॉम्प्युटर स्वतःच छापतो. साहेबांनी न वाचता सही ठोकली, शिपाई कागद घेऊन वरच्या ऑफिसात पळाला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'आदेशाचा दिनांक १ जानेवारी २००६ असल्याने सदर कर्मचाऱ्याची मुदतवाढ अठरा वर्षांपूर्वीच संपुष्टात आली आहे. आता निवृत्तीनंतर नवी देता येत नाही.'

साहेबांना दुरुस्ती मागता आली असती. पण त्यासाठी आमचं यंत्र चुकीची तारीख छापतं, असं लिहून द्यावं लागलं असतं. मग सात वर्षांचे सगळे दाखले उकरले गेले असते. साहेबांनी फाईल मिटली आणि चहा मागवला.

संध्याकाळी तात्या खण आवरत होते. मला राहवेना. "तात्या, ते बटण मी दाबलं."

"आणि तारीख?"

"बॅटरीवाचून यंत्र रोज तारीख विसरतं, ती घालायची असते, हे कधी सांगितलंत का तुम्ही? कुणाला तरी?"

त्यांनी चष्मा पुसला. "नाही सांगितलं," म्हणाले.

मग त्यांनी चष्म्याच्या डबीतून पाकीटबंद बॅटरी काढली, शर्टाच्या बटणाएवढी. दुरुस्तीवाल्याने पहिल्याच वर्षी आणून दिली होती म्हणे.

"सात वर्षं? मग घातली का नाही?"

"घातली असती, तर सकाळी मला कोण विचारत होतं?"

त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरचं झाकण उघडून ती बसवली, यंत्र सुरू करून तारीख घातली. रुमाल न टाकता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर न किंचाळता सुरू झाला, तारीख बरोबर. तरी दहा वाजता आम्ही सगळे सवयीने उठलो आणि हात बांधून उभे राहिलो. शेवटी साहेब म्हणाले, "बसा आता, कोणी यायचं नाहीये."