झेंडूच्या हाराखालचा कॉम्प्युटर

वालूरच्या त्या शिक्षिका बाईंचं प्रकरण मी विसरलेले नाही. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात जमादार, म्हणजे हेडकॉन्स्टेबल होते. शिक्षण दहावीपुरतं, नोकरी नवऱ्याच्या जागेवर लागलेली. कॉम्प्युटरशी माझा संबंध नव्हता, माणसांशी होता.

बाईंच्या ईमेलवरून संस्थेच्या अध्यक्षांना शाळा असली की रोज दुपारी मेल जायचा. त्यात मुख्याध्यापकांना घाण शिव्या. मुख्याध्यापकांनी तक्रार दिली. संस्था बाईंना काढायला निघाली होती.

"पासवर्ड कोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"क्लार्कला. आमचे सगळ्यांचेच त्याच्याकडं हायत. ऑनलाइन फॉर्म तोच भरतो ना."

"घराची किल्लीबी दिली का त्याला?"



क्लार्कला चौकशीला बोलावलं. तो माझ्यासमोर चहा पीत असतानाच अध्यक्षांचा फोन आला. मेल आत्ताच आला होता.

क्लार्क हसला. "घ्या मावशी! मी तर तुमच्यापुढंच बसलोय. आता बाईलाच धरा."

ठाण्याच्या साहेबांनी त्याला सोडलं. बाई त्या वेळी शाळेतच होत्या, त्यामुळे संशय त्यांच्यावर पक्का झाला.

मग खंडेनवमी आली. ठाण्यात रायफलींची पूजा झाली. प्रसाद खाऊन मी जबाबासाठी शाळेत गेले. शाळा भरलेली होती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला मात्र हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातलेला.

"आज चालू करायचा न्हाई, जमादारबाई," शिपाईण म्हणाली. "पूजेत हाय."

दुपार टळल्यावर मी अध्यक्षांना फोन केला. त्या दिवशी मेल आला नव्हता. बाई हजर होत्या, त्यांच्या हातात मोबाइल होता. शिव्या त्यांना द्यायच्या असत्या तर मोबाइलवरूनही देता आल्या असत्या. सुट्टी फक्त यंत्राला होती.

साहेबांना हे पटलं. दसऱ्यानंतर यंत्र चालू करून खोलीला कुलूप लावलं. बाई आणि क्लार्क, दोघांना अंगणात बसवलं, मोबाइल काढून घेतले. दुपारी मेल गेला.

परभणीहून सायबरचे अंमलदार आले. त्यांनी यंत्रात दडवलेला छोटा प्रोग्राम दाखवला. बाईंचा पासवर्ड, शिव्या आणि वेळ, सगळं कोडमध्ये लिहिलेलं. यंत्र चालू असलं की मेल आपोआप जायचा. माणूस लागत नव्हता.

क्लार्कला पुन्हा समोर बसवलं. मारहाण केली नाही. चहाही दिला नाही.

"कशासाठी केलंस?"

"भावजयीला लावायचं होतं त्या जागेवर."

"मग अर्ज करायचा."

"केला होता. बाईंचे मार्क जास्त निघाले."

"तर शिव्या तरी सोताच्या नावानं द्यायच्या."

मी जबाब लिहून घेतला.

बाईंची नोकरी राहिली. अध्यक्षांनी माफी मागितली नाही. ठाण्यातून निघताना बाई रडायला लागल्या. मी म्हणाले, "ते नंतर. आधी पासवर्ड बदला." त्यांनी बदलला. बाकीच्या शिक्षकांनी आपापले पासवर्ड नव्या क्लार्कला देऊन टाकले, असं पुढे कळलं.

गुन्ह्याच्या वेळी माणूस कुठे होता, हे आम्ही पोलीस फार बघतो. पण त्याने लावून ठेवलेलं काम त्याच्यामागेही चालू राहतं. तेव्हापासून कोणी न विचारता "मी तर तिथं नव्हतोच" म्हणाला, की मी त्याला आणखी थोडा वेळ बसवून घ्यायचे.