हिन्रिकचं गुडघाभर गवत

हिन्रिक व्ह्युबेना आमच्या तळ्यावरचा जीवरक्षक होता आणि मी तिकीटखिडकीवर बसायचे. सतरा उन्हाळे आम्ही असे शेजारी-शेजारी काढले. तळं लहानच, समुद्राच्या बांधामागे दडलेलं. पण अख्खं गाव तिथेच पोहायला शिकलं. लहानपणी मीही त्याच्याच ओरड्यावर शिकले. "गेस्के, पाय मार पाय! पाण्याला गुदगुल्या काय करतेस!" तो आवाज अजून कानात आहे.

एका वर्षी रानहंसांना आमची हिरवळ फारच आवडली. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची उडायची पिसं गळतात. मग ते पिल्लांची रांग घेऊन पाण्यातून चालतच वर यायचे, पन्नास-साठ तरी. टॉवेल टाकू तिथे शिट. आया पोरांचे बरबटलेले पाय घेऊन माझ्या खिडकीशी यायच्या आणि मलाच झापायच्या, जणू मीच करून ठेवलंय!

शेवटी वरच्या कचेरीचं पत्र आलं. तीन आठवड्यांनी, शनिवारी पाहणी होणार. हिरवळ घाण दिसली तर शिकारी बोलावून हंस मारायचे. हिन्रिकने पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"एकतीस वर्षं झाली," तो म्हणाला. "माझ्या पाण्यात कुणी मेलं नाही. आताही मरणार नाही."

आधी त्याने प्लास्टिकचा मोठा राजहंस आणून तळ्यात सोडला. दुसऱ्या दिवशी सगळे हंस त्याच्याभोवती गोळा होऊन मजेत झोपलेले. "वा! त्यांना म्होरक्या मिळाला," मी म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्याने काठालगतचं गवत कापणंच बंद केलं. पुढचं दिसत नसेल तिथे पिल्लांना घेऊन हंस शिरत नाही, कोल्हा दबा धरून बसला असेल या भीतीने. गवत गुडघ्याला लागलं आणि हंस खरंच पलीकडच्या कुरणाकडे वळले. हिन्रिक शीळ घालत हिंडायचा.

पण आमचं गाव कसलं, तर अंगणातल्या गवताच्या कडा कात्रीने कापणारं! येता-जाता लोक नाक मुरडायचे. आणि शुक्रवारी संध्याकाळी हिन्रिक घरी गेल्यावर त्याचा जिवलग शेजारी फोल्कर्ट आपलं यंत्र घेऊन आला आणि सगळा काठ गुळगुळीत करून गेला.

शनिवारी सकाळी सहाला मी पोचले तेव्हा हिरवळीवर साठ हंस चरत होते. फोल्कर्ट टोपी हातात घेऊन हिन्रिकसमोर उभा.

"अरे, साहेब यायचे. त्यांना काय रान माजलेलं दाखवायचं? म्हटलं, तुझी लाज राखावी."

"लाज राखलीस रे," हिन्रिक म्हणाला. "हंस तेवढे जिवानिशी जाणार आता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यात साहेब आठऐवजी सातलाच हजर. होल्झर नावाचे, पार दक्षिणेकडचे, नुकतेच बदलून आलेले. पण तळ्यावरची टपरी चालवायची हिन्रिकची बायको हिल्के. तिने फाटकातच त्यांना गाठलं. "आधी चहा. चहा घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी काही बघत नाही." आणि रस्त्याकडे तोंड करून बसवलं.

आमच्याकडे कपात आधी खडीसाखर, त्यावर कढत चहा, वरून सायीचा थेंब. ढवळायचा मात्र नाही. चमचा असतो तो 'पुरे' सांगायला. तीन कपांनंतर रिकाम्या कपात चमचा ठेवला की थांबायचं. नाही ठेवला तर यजमानीण ओतत राहणार. होल्झरसाहेबांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि तोंडाने नको म्हणायला ते बिचारे भिडस्त. हिल्केनेही सांगितलं नाही.

इकडे आम्ही तिघे हात पसरून हंसांमागे चालत होतो. "पळायचं नाही, ओरडायचं नाही," हिन्रिक हळूच म्हणाला. "पाहुणे आहेत. दारापर्यंत पोचवायचेत." एकेक कुटुंब पाण्यात उतरलं. मागोमाग काठावर खुंट्या ठोकून आम्ही फोल्कर्टच्या बायकोची कपडे वाळत घालायची दोरी बांधली; एक पदर वीतभर उंचीवर, दुसरा गुडघ्याशी. चालणारा हंस असली दोरी ओलांडत नाही. मग बादल्या आणि खुरपी. फोल्कर्ट तर गुडघ्यांवर रांगत घरातलं उलथणं घेऊन शिट खरवडत होता. मला भयंकर हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

आठ कप पिऊन साहेब बाहेर आले. पहिलं वाक्य, "अहो, शौचालय कुठे आहे?"

तिथून परतले तेव्हा हिरवळ लख्ख होती. दोरीपलीकडे साठ हंस पाण्यातून माना उंच करून आमच्याकडे बघत होते.

"एवढ्या दोरीने भागतं?" त्यांनी विचारलं.

"गवत वाढेपर्यंत भागेल," हिन्रिक म्हणाला. "ते वाढू द्यायला हवं, एवढंच."

साहेबांनी तसंच लिहून नेलं. शिकारी आले नाहीत.

यंदा फेब्रुवारीत हिन्रिक गेला. झोपेतच. दफनानंतर लोक पांगले, आणि हिल्केच्या स्वयंपाकघरात ती, फोल्कर्ट आणि मी उरलो. काठाच्या गवताला आता फोल्कर्ट कुणाला हात लावू देत नाही. तिसरा कप संपला. सवयीने मी चमचा उचलला. समोर हिन्रिकची खुर्ची होती. मला उठायचं नव्हतं. उठलं असतं तर तो खरोखरच गेला असता, असं वाटत होतं. मी चमचा परत बशीत ठेवला. फोल्कर्टनेही आपला चमचा कपातून काढून घेतला.

हिल्केने दोघांकडे पाहिलं.

"घ्या अजून," ती म्हणाली. "मलाही एवढ्यात एकटीने बसायचं नाही."

आणि तिने चौथा कप ओतला.