सर्व्हरमधले तांदूळ

घोडेगावात माझा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास आहे. बारा स्क्रीन, आणि त्या सगळ्यांना पोसणारा एक जुना सर्व्हर. पुण्याच्या एका कंपनीनं मोडीत काढलेला, पाटासारखा चपटा, उचलायला दोन माणसं लागतात. त्याची जागा खरी रॅकमध्ये. मी त्याला टेबलावर निजवलाय, आणि तापतो म्हणून झाकण चार बोटं मागं सरकवून वर पंखा लावलाय. जाणकार हसतात. हसू देत.

त्याला खोड एकच होती. अकरा जणी बसेपर्यंत गुण्यागोविंदानं चालायचा, बारावी बसली की सगळे स्क्रीन हँग. ही बारावी बहुतेक वेळा एकच असायची. आहुप्याहून येणाऱ्या एक ताई, तिथल्या अंगणवाडीत मदतनीस. त्यांची एसटी डिंभ्यापर्यंत आली तरी पुढं कधी पोचेल याचा नेम नाही, म्हणून त्या नेहमी शेवटी यायच्या. त्या बसल्या की पोरी "झालं!" म्हणून मागं वळून बघायच्या. ताई मुकाट उठायच्या. "चालू द्या तुमचं. मी बसते भायेर," म्हणत पायरीवर जायच्या आणि मांडीवर बोटं चालवत धडा म्हणायच्या. आश्रमशाळेत क्लार्कची जागा निघणार होती, तिला टायपिंगचं सर्टिफिकेट हवं, आणि वयाच्या अटीत बसायचं त्यांचं हे शेवटचं वर्ष. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा कुठं मला जाग आली.

दुखणं मला ठाऊक होतं. मेमरी कमी. एकाच पातेल्यातून बारा ताटं वाढायची, तर अकराव्या ताटालाच पातेलं खरवडावं लागायचं. तरी चालतंय ना, म्हणून मी ते अंगावर काढलं होतं. आता पुण्याहून त्या सर्व्हरला चालतील अशा मेमरीच्या जुन्या पट्ट्यांची एक जोडी मागवली आणि रविवारी, वायर काढून, झाकण उघडलं.

उघडी यंत्रं बघायचा मला भारी नाद. लहानपणी घरचा रेडिओ मी असाच उघडला होता, तो पुन्हा कधी बोलला नाही. इथं मात्र पट्ट्या कुठल्या खाचेत आधी बसवायच्या ते झाकणाच्या आत छापलेलं होतं. पहिली पट्टी दाबली, दोन्ही टोकांचे चाप खट्‌कन लागले. दुसरीचं एक टोक लागलं, दुसरं काही केल्या बसेना. तसाच सर्व्हर चालू करून बघितला, तर त्यानं नवी एकच पट्टी मोजली. पट्ट्यांची अदलाबदल केली. आता रुसलेली पट्टी नीट बसली आणि चांगली पट्टी अडली. म्हणजे दोष पट्टीत नव्हता, खाचेत होता. मोबाईलचा टॉर्च लावून वाकले, तर चापाच्या बेचक्यात तांदळाचा दाणा!

दसऱ्याला मी सर्व्हरची पूजा करते, पण झेंडू आणि हळदकुंकू, तेही बाहेरून. शिवाय माझ्या घरात पांढरा इंद्रायणी, आणि हा तांबूस, बिनपॉलिशचा. दात कोरायच्या काडीनं तो काढला. मग आणखी शोधले तर तळाशी सात-आठ निघाले, काहींना कुंकू लागलेलं. उंदीर कुंकू लावत नाही. दिवसभर मी त्या दाण्यांचा विचार करत होते. पट्टी मात्र बसली, आणि सर्व्हरनं सगळी मेमरी मोजली तेव्हा मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

सोमवारी ताई आल्या, बाराव्या. बसल्या. पोरींनी सवयीनं माना वळवल्या, पण कुणाचंच काही थांबलं नाही. ताईंनी अख्खा उतारा वेळेत टाइप केला. मला फार आनंद झाला. सगळ्या निघून गेल्यावर ताई सर्व्हरपाशी गेल्या आणि मूठ उघडणार, तोच मी हात धरला. मुठीत तांबूस तांदूळ होते.

"ताई, हे कधीपासून?"

"पयल्यापासनं," त्या लाजल्या. "आमच्या खाचरातलं हाईत. माझ्यामुळं पोरींचं थांबायचं नव्हं? म्हणून त्याला सांगत व्हते, मी बसले तरी थांबू नको बाबा. आज ऐकलं त्यानं."

तुमच्या दाण्यानंच माझी पट्टी अडवली होती, हे हसत सांगायचं ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. खरी गोष्ट तीही नव्हती.

"ताई, तुमच्यामुळं नाही थांबायचं. मेमरीच कमी होती. कुणीही बारावं बसलं असतं तरी थांबलंच असतं."

"तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

त्यांनी मुठीतले तांदूळ पदराच्या टोकाला बांधले. सावकाश गाठ मारली. मग माझ्याकडं बघून, जराही न चिडता विचारलं, "मंग दिवाळीपासनं मी भायेर का बसत व्हते, मॅडम?"