दुकानापर्यंतचा रस्ता

सकाळी साडेसातला अमेरिकेतून नितीनचा फोन आला. मी पेपर वाचत होतो. त्याने हॅलो म्हटलं नाही. “काका, बाबा गेले,” एवढंच म्हणाला. मी विचारलं, अटॅक? “नाही. रस्ता ओलांडताना. गाडीने.” जन्मभराच्या बातमीदारीच्या सवयीने मी वेळ विचारली, ठिकाण विचारलं, गाडी कोणत्या बाजूने आली ते विचारलं. त्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की धीराचा एक शब्दही मी बोललो नव्हतो.

नितीनचे बाबा, पुंडलिकराव गावंडे, भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. गाव चांदूर रेल्वेजवळचं, नोकरीची सुरुवात अकोल्यात, निवृत्ती अमरावतीत. आमची ओळख एका पांदण रस्त्याच्या भांडणातून झाली. शेतांमधून जाणारी ती जुनी वाट एका बड्या शेतकऱ्याने नांगरून टाकली होती आणि मी बातमीसाठी गेलो होतो. पुंडलिकराव भर उन्हात उकिडवे बसून माती चाचपत होते. म्हणाले, “पाहा पत्रकार, वरून नांगरलं, पण खाली माती दबलेलीच हाये. लोकं चालतेत म्हणजे रस्ता हाये.” जुन्या नकाशातही ती वाट निघाली आणि पुढे मोकळी झाली. तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही, पत्रकारच म्हटलं.

निवृत्तीनंतर आम्ही संध्याकाळी बरोबर निघायचो. भाजी, औषधं, दाढी, वाचनालय, सगळं पायी. बडनेरा रोड ओलांडताना ते हात खांद्याएवढा वर करत, पंजा उघडा, आणि एका चालीने निघत. पळायचं नाही, थबकायचं नाही. ट्रक, ऑटो, मोटरसायकली त्यांना वळसा घालून जात. मी बिचकलो की ओरडायचे, “अहो, तुमी त्याले दिसून राहिले ना? तुमी थांबले की तोच गडबडते!” यात त्यांचं वेगळेपण काही नव्हतं. आमच्या गावात रस्ता असाच ओलांडतात.

वहिनी गेल्यावर नितीनने त्यांना टेक्सासला नेलं. मुलगा वाईट नाही. बापाला एकटं ठेवणं त्याला पटेना. घर शहरापासून दूर, नव्या वसाहतीत. जाण्यायेण्याचे मिळून त्याचे रोज अडीच तास गाडीत जात. सून दुसऱ्या दिशेला नोकरीला, मुलं शाळेत. सकाळी आठला दोन्ही गाड्या निघाल्या की पुंडलिकराव घरात एकटे. बस नाही, रिक्षा नाही. वसाहतीतला फुटपाथ फाटकाशी संपायचा, त्यापुढे सहा पदरी रस्ता. पहिल्या महिन्यातच फोनवर म्हणाले, “घर मोठं हाये, पोरं चांगले हायेत, खायाले भरपूर हाये. पण दुधाची पिशवी आणाले बी मले पोराची सुट्टी पायजे.”

एकदा ते फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेने चालत गेले. कोणीतरी फोन केला आणि पोलिसाने त्यांना गाडीत बसवून घरी सोडलं. पोलीस फार अदबीने बोलला, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं, “गुन्हा काय?” म्हणाले, “चालून राहिलो होतो. इतका सामसूम रस्ता मी अकोल्यात कर्फ्यूमधीच पाहिला. मले वाटलं, इथं बी लागला काय!” आम्ही दोघेही हसलो. पण त्या संध्याकाळी नितीनने त्यांना बाहेर न पडण्याचं वचन मागितलं. “शनिवारी मी नेतो ना बाबा, यादी करून ठेवा.” ते यादी करत. शनिवारी कधी मुलांचा सामना असे, कधी गाडी दुरुस्तीला असे. दाढी करून घ्यायला त्यांना एकदा तीन आठवडे थांबावं लागलं. त्यांना काही मोठं नको होतं. कोणाला न विचारता घराबाहेर पडावं आणि स्वतःच्या पायांनी काहीतरी घेऊन परत यावं, एवढंच.

नंतर त्यांचे फोन कमी झाले. आवाज बसल्यासारखा वाटायचा... वाक्य अर्धं सोडून देत. एक दिवस मात्र ते खुलून बोलले. रस्त्यापलीकडे एक किराणा दुकान होतं, वरच्या खोलीच्या खिडकीतून त्याची पाटी दिसे. मधल्या दुभाजकावर गवत होतं. “त्या गवतात वाट पडली हाये, पत्रकार! दुकानातले कामवाले, घरं साफ कराले येणाऱ्या बाया, सारे तिथूनच जातेत. मी दोन दिवस खिडकीतून पाहून राहिलो.” मी म्हणालो, “मग पाहत काहून बसले? बडनेरा रोड ओलांडणारा माणूस, अन् सहा पदरांना भिता?” ते हसले. म्हणाले, “भेतो कोन बाप्पा!”

‘सहा पदरांना भिता?’ हे माझे शब्द आहेत. ते इथे नोंदवले पाहिजेत.

स्थानिक बातमी चार ओळींची होती. नितीनने पाठवली. पादचारी क्रॉसिंगवर नव्हता, चालक महिला जागीच थांबली, गुन्हा दाखल नाही. मी उपसंपादक असतो तर त्यात काही बदललं नसतं. सर्वात जवळचं क्रॉसिंग सव्वा मैलावर होतं. हे अंतर नितीनने नंतर मोजलं, गाडीने. त्या बाईचा जबाब त्याने मला वाचून दाखवला. म्हातारा हात वर करून सावकाश येत होता, असं ती म्हणाली. तिला वाटलं, तो पलीकडच्या कोणाला तरी हात करतो आहे. तो थांबेल, असं ती धरून चालली. ती थांबेल, असं ते धरून चालले होते.

अस्थी घेऊन नितीन आला. कौंडण्यपूरला वर्धेच्या पात्रात विसर्जन झालं.  परतताना तो म्हणाला, “काका, त्यांच्या लायसनसाठी अर्ज करायचा विचार होता माझा. पण नजर... आणि वय.” थोड्या वेळाने त्याने खिशातून एक छोटी वही काढली. पोलिसांनी कपड्यांबरोबर परत दिलेली. “तुमीच ठेवा. मले वाचवत नाही.”

वही माझ्या टेबलावर आहे. मोजणीदाराचं स्वच्छ, बारीक अक्षर. फाटकापासून दुकानापर्यंतची पावलं, एकोणीस दिवसांची. जाताना, येताना आणि शेरा असे तीन रकाने. घरात कोणाला न सांगता ते एकोणीस दिवस जात होते. शेऱ्यात फारसं काही नाही: ऊन. वारा. दूध आणले. केळी आणली. एक बाई हसली. शेवटच्या दिवशी जातानाची पावलं आहेत, येतानाचा रकाना कोरा आहे, आणि शेरा नेहमीपेक्षा लांब आहे. तो त्यांनी दुकानापाशी लिहिला असणार.

“दुकानाबाहेर बाकडे ठेवले आहे. दहा मिनिटे बसलो. कोणी उठवले नाही.”