आधी कान, मग पोट

कात्रीकाकांचं खरं नाव संस्थेच्या हजेरीपुस्तकात आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. उभी हयात त्यांनी शिंप्याच्या दुकानात कापड कापण्यात घालवली. दुकान बंद झालं तेव्हा बायको म्हणाली, "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा त्या कुत्र्यांकडे तरी जा." ते भटक्या जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्थेत पिंजरे धुवायला गेले आणि सहा महिन्यांत नसबंदीच्या खोलीत पोचले. तिथे त्यांचं काम एकच. कुत्री भुलीत असताना तिच्या डाव्या कानाला कात्रीने बारीक खाच मारायची. खाच दिसली की कुत्री धरून आणणाऱ्या गाडीवाल्याने समजायचं, हिचं ऑपरेशन झालंय, हिला धरायचं नाही.

नियम असा, की डॉक्टरांनी शेवटचा टाका घालून "झालं" म्हटलं की मग कान. पण तोवर हातावर हात ठेवून उभं राहणं काकांच्या रक्तात नव्हतं. गिऱ्हाईक दारात यायच्या आत काजंबटणं उरकून ठेवणारा माणूस तो. त्यांनी स्वतःची रीत काढली. भूल चढली की आधी कान, मग पोट. दिवसाला अर्धा तास वाचायचा. त्या वेगाची सगळे वाहवा करायचे, आणि वाहवा कुणाला कडू लागते?

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी वीज गेली ती आलीच नाही. शेवटच्या दोघी, एक तपकिरी आणि एक पांढरी, टेबलावर न चढताच भुलीतून उठल्या. "या उद्या घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. सकाळी काका येऊन बघतात तर दोन्ही पिंजरे रिकामे. गाडीवाल्याने खाचा पाहिल्या आणि बऱ्या झालेल्यांबरोबर या दोघींनाही त्यांच्या गल्लीत सोडून दिलं. डॉक्टरांपुढे नव्या तीसजणी होत्या, त्यांना आठवलं नाही. काकांना आठवत होतं, पण त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं.

परवा तपकिरी एका इमारतीच्या जिन्याखाली व्यायली. सहा पिल्लं. खाच मारलेला कान आणि खाली दूध पिणारी पिल्लं, असा फोटो गल्लीभर फिरला. ही कसली नसबंदी, आता आमच्या दारात गाडी आणू नका, असं लोकांनी कळवलं.

नेमकी दोन दिवसांनी येत्या वर्षाच्या मोहिमा ठरवायची बैठक होती. अध्यक्षीण म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. फळा दिसला की त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. तीन नव्या वस्त्या, रेबीजची लस, शाळांमधून माहिती, असं सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. सगळ्यात वर मात्र होतं, "नवीन डॉक्टर".

"मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण लोकांचा विश्वास गेला तर या फळ्याला काही अर्थ नाही."

डॉक्टर कोपऱ्यात बसल्या होत्या. काकांच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातून आत काहीतरी राहिलं असणार. मी सोडते काम."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर पंख्याखाली बसून चहा पितोय. काकांना स्वतःची शिसारी आली. ते उठले.

"त्या कुत्रीच्या पोटाला डॉक्टरांनी हातच लावला नव्हता. कान मी आधीच कापला होता. वीज गेली त्या दिवशी. त्या दोघी तशाच सुटल्या."

"तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"काल दिवसभर मी जुने कागद चाळत होते, काका. कुठे चुकलं ते शोधत. तुम्ही समोर पिंजरे धूत होता."

काकांनी खिशातली कात्री काढून टेबलावर ठेवली. अध्यक्षीणबाईंनी फळ्यावरची सगळ्यात वरची ओळ पुसली आणि मग, थोडं थांबून, तीन नव्या वस्त्याही पुसल्या. आधी जुन्या गल्लीत घरोघर जाऊन खरं काय ते सांगावं लागणार होतं.

"आणि दुसरी? पांढरी?" डॉक्टर म्हणाल्या.

"सापडत नाही. चार महिने रोज सकाळी त्या बाजूला फिरतोय. घरी सांगतो, साखर वाढलीय म्हणून चालतो."

कुणीतरी हसू दाबलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या काकांच्या झिजलेल्या चपलांकडे बघत होत्या.

"मी अजून रागावलेली आहे," त्या म्हणाल्या. "खूप. सकाळी किती वाजता निघता?"

"साडेपाचला."

"उद्या मी येईपर्यंत थांबा. एकट्याने गल्लीची दोन्ही टोकं राखता येत नाहीत."

चार महिन्यांत पहिल्यांदाच काकांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.